बंद पडलेल्या इंजिनाच्या जागी त्याचाच थोरला भाऊ: आटोपशीर खर्चात ताकदवान इंजिन कसं बसवावं

गाडी वेगात असताना खालून लोखंडावर लोखंड आपटल्यासारखा ठोका सुरू होतो, ऑइलचा लाल दिवा लागतो आणि गाडी कडेला घेईपर्यंत सगळं शांत झालेलं असतं. पुन्हा किल्ली फिरवली तर स्टार्टर नुसता 'टक्' करतो. ज्याच्यावर ही वेळ आली आहे त्याला पुढचे काही दिवस दुसरं काही सुचत नाही. समोर मोठ्या खर्चाचा आकडा असतो आणि गाडीवर जीवही असतो.

अशा वेळी एक विचार हमखास मनात येतो: इंजिन बदलायचंच आहे, तर थोडं ताकदवान का बसवू नये? विचार चांगला आहे. ताकद वाढवायची याहून स्वस्त संधी सहसा मिळत नाही, कारण इंजिन उतरवण्या-चढवण्याची मेहनत, पॅकिंग, ऑइल, कूलंट हा खर्च तसाही होणारच असतो. पण याच विचारापायी कितीतरी गाड्या अर्धवट राहून वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभ्या असतात. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो. तुमच्या इंजिनाच्याच कुळातलं, जास्त सीसीचं किंवा जास्त ताकदीचं इंजिन घ्या. ते कारखान्यातून आलं त्याच अवस्थेत ठेवा. वाचलेले पैसे सील, कूलिंग आणि ईसीयूच्या (इंधन आणि स्पार्क ठरवणाऱ्या इंजिनाच्या संगणकाच्या) मॅपिंगवर, म्हणजे त्याची कोष्टकं नव्या इंजिनाप्रमाणे बदलण्यावर, घाला.

आधी खात्री करा, इंजिन खरंच गेलंय का

'इंजिन गेलं' हे निदान फार घाईने केलं जातं. हेड गॅस्केट (ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) उडालेलं असतं, टायमिंग बेल्ट तुटून व्हॉल्व्ह वाकलेले असतात, आणि गाडीवाला मात्र नवं इंजिन शोधायला निघालेला असतो. हेड उतरवून भागत असेल तर अख्खं इंजिन बदलणं हा वाया गेलेला खर्च.

इंजिन फिरत असेल तर पहिली चाचणी कॉम्प्रेशनची, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो याची. सगळे स्पार्क प्लग काढा, इंधन आणि स्पार्क बंद करा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवा आणि स्टार्टर मारा. बहुतेक निरोगी पेट्रोल इंजिनांत साधारण १५० ते २०० पीएसआय (दाबाचं एकक) मिळतं. आकड्याइतकंच महत्त्व सिलिंडरा-सिलिंडरांतल्या फरकाला आहे: १०-१५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक म्हणजे काहीतरी बिघडलंय. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी दाखवत असतील तर बऱ्याचदा त्यांच्यामधलं गॅस्केट फुटलेलं असतं. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंगा झिजल्यात. जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

त्याहून जास्त सांगून जाते ती लीक-डाउन चाचणी. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरायची आणि ती कुठून निसटते ते कान देऊन ऐकायचं. थ्रॉटलमधून आवाज आला तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरच्या नळीतून आला तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेडला तडा. दहा टक्क्यांच्या आत गळती म्हणजे इंजिन उत्तम, पंचवीसच्या वर म्हणजे काम निघालंच.

इंजिन फिरतच नसेल तर क्रँकच्या पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून हाताने फिरवून बघा. त्याआधी प्लग काढा. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असेल तर ते प्लगच्या भोकातून बाहेर उडेल आणि जॅमचं कारण लगेच कळेल. ब्लॉकला भोक पडून त्यातून कनेक्टिंग रॉड दिसत असेल तर अर्थातच कुठलीही चाचणी नको.

का गेलं, हे कळल्याशिवाय दुसरं इंजिन विकत घेऊ नका

लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मी स्वतः बदललेलं पहिलं इंजिन काही आठवड्यांतच बेअरिंगला गेलं. जुन्या इंजिनाचा ऑइल कूलर नुसता पुसून नव्याला लावला होता. जुन्या बेअरिंगचा कीस त्या कूलरच्या बारीक वाटांमध्ये अडकून होता, तो ऑइलबरोबर थेट नव्या बेअरिंगांत गेला. इंजिन चांगलं होतं, काम नीट झालं होतं, आणि ते मेलं केवळ आधीच्या मरणाची चौकशी न केल्यामुळे.

चौकशी अशी करायची. जुना ऑइल फिल्टर पत्रा कापून उघडा आणि आतला कागद घडी उलगडून उजेडात धरा. चुंबकाला चिकटणारा कीस लोखंडी: क्रँक, कॅम, रिंगा, ऑइल पंप. न चिकटणारा चमकदार पांढरा म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, बहुधा पिस्टन. तांबूस चकाकी दिसली तर बेअरिंगचा वरचा राखाडी थर संपून खालचं तांबं उघडं पडलंय. त्यानंतर चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवा, पिकअपची, म्हणजे ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाची, जाळी बघा. ती काळ्या चिकट गाळाने किंवा जास्त लावलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यांनी बुजलेली असेल तर इंजिन ऑइलविना तडफडून गेलंय.

हेड काढल्यावर पिस्टनचा माथा वाचायला शिका. कडांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे किंवा रिंगांच्या मधली तुटलेली भिंत दिसली तर डेटोनेशन, म्हणजे मिश्रणाचा अवेळी स्फोट, झालंय. मिश्रणात पेट्रोल कमी पडलं, ऑक्टेन कमी पडलं, स्पार्कचं टायमिंग पुढे होतं किंवा इंजिन तापत होतं, यांपैकी एक. इंजेक्टर चोंदलेले असतील आणि तेच नव्या इंजिनावर चढवलेत, तर नवंही त्याच सिलिंडरमध्ये जळेल. तापून गेलं असेल तर रेडिएटर, पंखा, थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप यांतलं नेमकं काय निकामी होतं ते शोधा.

एक जागा बहुतेकांच्या नजरेतून सुटते: इनटेक मॅनिफोल्ड. व्हॉल्व्ह किंवा पिस्टन फुटतो तेव्हा त्याचे तुकडे दाबाने उलटे मॅनिफोल्डमध्ये फेकले जातात, आणि पुढे दुसऱ्या सिलिंडरांतही ओढले जातात. जुना मॅनिफोल्ड वापरणार असाल तर तो उघडून, धुऊन, आत हात आणि टॉर्च घालून साफ करा. टर्बो असेल तर त्याची ऑइलची नळी नवीन घ्या आणि शाफ्टला ढिलेपणा आहे का ते तपासा. ऑइल कूलर तर नवीनच घ्या, धुण्यावर विसंबू नका. इंजिन बराच काळ ऑइल किंवा कूलंट जाळत असेल तर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बुजलेला असण्याची शक्यता मोठी.

कोणतं इंजिन निवडावं

तीन वाटा आहेत. आहे तेच इंजिन सेकंडहँड घेऊन बसवणं ही सगळ्यात स्वस्त आणि सरळ वाट, पण ताकद तेवढीच. दुसऱ्याच कंपनीचं मोठं इंजिन बसवणं हे स्वप्न अनेकांचं असतं. त्यात माउंटिंग, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, वायरिंग, सायलेन्सर सगळं घडवावं लागतं, आणि खर्चाचा अंदाज हमखास चुकतो. मधली वाट त्याच कुळातल्या थोरल्या भावाची. कंपन्या एकाच मूळ रचनेवरून वेगवेगळ्या सीसीची इंजिनं काढतात, त्यामुळे गिअरबॉक्सला जोडणारे बोल्ट, माउंटिंगच्या जागा, सेन्सर यांतलं बरंच काही जुळतं.

जगभर जमून गेलेली उदाहरणं बघा. माझदा एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीत आधी १.६ लिटर इंजिन होतं, नंतर कंपनीनेच त्या गाडीत १.८ दिलं. म्हणजे १.६ गेलेल्या गाडीत १.८ बसवताना लागणारा जवळपास प्रत्येक भाग मुळात अस्तित्वात आहे. होंडाच्या के कुळात २.४ लिटरच्या ब्लॉकवर २.० चं जास्त श्वास घेणारं हेड चढवण्याची पद्धत रूढ आहे. टोयोटा सेलिकाच्या सातव्या पिढीत दोन इंजिनं मिळत, १झेडझेड आणि २झेडझेड. एकाचे सीसी १७९४, दुसऱ्याचे १७९६, म्हणजे आकार सारखाच. २झेडझेडची जादा ताकद येते हेड, कॅम आणि वरच्या आरपीएममधून. ते घेणार असाल तर सुरुवातीच्या वर्षांतल्या इंजिनांत कॅमची उंची बदलणाऱ्या यंत्रणेचे बोल्ट झिजायचे, ते आधी बदलून घ्या. मोठ्या गाड्यांच्या दुनियेत जनरल मोटर्सची पिकअप ट्रकांमधली ४.८ आणि ५.३ लिटरची व्ही-८ इंजिनं याच कारणाने आवडती आहेत: ती एलएस कुळातली, बहुतेक लोखंडी ब्लॉकची, दणकट आणि भंगारात मुबलक.

मला सगळ्यात शिकवणारं वाटतं ते एमएक्स-५ च्या तिसऱ्या पिढीचं उदाहरण. तिच्या २.० लिटर इंजिनाच्या जागी माझदा ६ सारख्या सेदानमधलं २.५ लिटरचं इंजिन बसवतात. २.० चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७.५ आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ८३.१ मिलिमीटर. २.५ चा बोअर ८९ आणि स्ट्रोक थेट १००. कागदावरची अश्वशक्ती दोघांचीही १७० च्या आसपास, म्हणून बघणारा विचारतो, मग फायदा काय? फायदा टॉर्कमध्ये, म्हणजे फिरवण्याच्या जोरात, आहे: साधारण १९० न्यूटन-मीटरवरून २२६ वर. रोजच्या रस्त्यावर, ३००० आरपीएमला, गिअर न बदलता मिळणारा पिकअप हाच. ब्रोशरमधल्या वरच्या आकड्यापेक्षा मधल्या आरपीएमचा टॉर्क बघून इंजिन निवडलंत तर पैसे वसूल होतात.

पण लांब स्ट्रोकची किंमत असते. ७००० आरपीएमला २.० मध्ये पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १९.४ मीटर होतो, २.५ मध्ये २३.३. म्हणजे जुन्या इंजिनाची रेव्ह लिमिट (आरपीएमची कमाल मर्यादा) नव्यावर तशीच ठेवायची नाही. शिवाय हे इंजिन मुळात आडवं बसणाऱ्या गाडीतलं, आणि एमएक्स-५ मध्ये ते उभं बसतं. त्यामुळे चेंबर, पिकअप, इनटेक, पाण्याच्या वाटा आणि माउंटिंगचे ब्रॅकेट यांत जुन्या इंजिनाचे भाग हलवावे लागतात. २.५ च्या पोटात असलेला बॅलन्स शाफ्टचा (कंपनं कमी करणाऱ्या दांड्यांचा) गठ्ठाही काढावा लागतो, आणि त्याच्या ऑइलची वाट नीट बंद करावी लागते. ती उघडी राहिली तर ऑइलचा दाब तिथूनच निघून जाईल. ब्लॉक उंच आहे, तेव्हा बॉनेटखालची जागा आधी मोजा. 'सरळ बसतं' असं ज्या अदलाबदलीबद्दल म्हणतात, तिच्यातही एवढं काम असतं.

गिअरबॉक्स आणि क्लच वाढलेला टॉर्क झेलतील का, हेही याच टप्प्यावर बघा. आणि गाडीच्या नोंदणीत इंजिन क्रमांक, सीसी असतात. इंजिन बदलल्याची नोंद, प्रदूषण तपासणी आणि विमा यांचे तुमच्याकडचे नियम इंजिन विकत घेण्याआधी विचारून घ्या. गाडी तयार झाल्यावर ती रस्त्यावर आणता न येणं फार जिव्हारी लागतं.

पैशांचं गणित

इंजिनाची किंमत म्हणजे एकूण खर्च नव्हे. माझ्या अनुभवात इंजिनाला जेवढे लागतात तेवढेच पुन्हा छोट्या वस्तूंना लागतात: पॅकिंगचा संच, ऑइल सील, वॉटर पंप, टायमिंगचा संच, थर्मोस्टॅट, होस पाईप, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, माउंटिंगची रबरं, ऑइल दोनदा, कूलंट, मॅपिंग. ही यादी इंजिन घेण्याआधी लिहा, प्रत्येकापुढे किंमत टाका, आणि मग जेवढे उरतील त्यात इंजिन शोधा. उलटं केलंत तर वॉटर पंपापाशी पैसे संपतात, जुनाच पंप चढतो, आणि दोन महिन्यांनी तो गळायला लागला की तेवढ्यासाठी पुन्हा निम्मं इंजिन खोलावं लागतं.

चकचकीत एअर फिल्टर, रंगीत पाईप, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर हे सगळं नंतर. हलकं फ्लायव्हील, कॅम, टर्बो हेही नंतर. आधी गाडी सहा महिने विश्वासाने चालू द्या.

सेकंडहँड इंजिन पारखताना

शक्य असेल तर अख्खी अपघातग्रस्त गाडी विकत घ्या. इंजिनासोबत ईसीयू, वायरिंग, किल्ली, सेन्सर, ब्रॅकेट, होस आणि ज्यांची नावंही माहीत नसतात असे शेकडो बोल्ट मिळतात. उरलेले भाग विकून काही पैसे परत येतात. सुट्या इंजिनाच्या मागे धावताना एकेका ब्रॅकेटसाठी जे दिवस जातात, त्यांचा हिशोब कुणी करत नाही.

सुटं घेणार असाल तर ब्लॉकवरचा इंजिन कोड स्वतः वाचा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका. एकाच सीसीच्या इंजिनाचे अनेक उपप्रकार असतात आणि कॉम्प्रेशन रेशो, सेन्सर, कॅमची रचना बदलते. ऑइल भरायचं झाकण उघडून आत बघा: हलका सोनेरी रंग चांगला, काळा भाजलेला थर म्हणजे ऑइल वेळेवर बदललं नाही, दुधाळ लोण्यासारखा थर म्हणजे पाणी मिसळल्याची शंका. प्लग काढून चारही शेजारी मांडा. एक वेगळा दिसला तर त्याच सिलिंडरपाशी थांबा. एखाद्याचा प्लग चकचकीत धुतल्यासारखा असेल तर तिथे कूलंट जात होतं. प्लगच्या भोकातून बोअरस्कोप (नळीवरचा बारीक कॅमेरा) घालून भिंतीवर उभे ओरखडे आहेत का पाहा. क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. ती एकसारखी फिरली पाहिजे, कुठे अडता कामा नये. थोडं ऑइल काढून फिल्टर कापू देतात का, तेही विचारा. प्रामाणिक विक्रेता सहसा अडवत नाही. कॉम्प्रेशन मोजता आलं तर उत्तम, पण थंड, बरेच दिवस पडून असलेल्या इंजिनात आकडे थोडे कमी येतात. तिथे सारखेपणा महत्त्वाचा.

किती किलोमीटर चाललंय हा प्रश्न मी शेवटी विचारतो. वेळेवर ऑइल बदललेलं दीड लाखाचं इंजिन, दुर्लक्षित साठ हजाराच्या इंजिनापेक्षा मी केव्हाही घेईन.

उतरवण्याचं काम

बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा. नंतर फोनने फोटो काढायला लागा, आणि थांबू नका. प्रत्येक प्लग, प्रत्येक होस, प्रत्येक ब्रॅकेट दोन बाजूंनी. प्रत्येक कनेक्टरला चिकटपट्टी लावून नाव लिहा, बोल्ट जागेप्रमाणे वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा. बॉनेट काढण्याआधी बिजागरीभोवती मार्करने रेघ मारा, म्हणजे परत बसवताना फटी जुळतात.

इंधनाची नळी दाबाखाली असते. चालू इंजिनात पंपाचा फ्यूज काढून दाब उतरवतात, पण तुमचं इंजिन चालतच नाही, तेव्हा जोडावर जाड फडकं गुंडाळून तो अगदी सावकाश सैल करा. आसपास ठिणगी, सिगारेट, तापलेला दिवा नको. एसीचा गॅस हवेत सोडू नका. बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर नळ्यांसकट सोडवून बाजूला दोरीने बांधून ठेवता येतो. तेवढी जागा नसेल तर गॅस यंत्राने काढून घ्या.

कूलंट, इंजिन ऑइल आणि गरज असेल तर गिअरबॉक्सचं ऑइल काढा, मग ड्राइव्हशाफ्ट, सायलेन्सर, गिअरच्या केबल, वायरिंग. इंजिन वरून काढायचं की सबफ्रेमसकट खालून, ते गाडीच्या रचनेवर ठरतं. आडव्या इंजिनांच्या कित्येक गाड्यांत खालून उतरवणं सोपं पडतं. क्रेनचा हात जितका लांब कराल तितकी त्याची उचलण्याची क्षमता घटते, हातावर लिहिलेला आकडा वाचा. साखळी कंपनीने दिलेल्या उचलण्याच्या कड्यांनाच लावा. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावा. लोंबकळणाऱ्या इंजिनाखाली हात, पाय, काहीही नको. इंजिन हलायचं थांबलं की लगेच जोर लावू नका, आधी शोधा: एखादी अर्थिंगची तार किंवा गिअरबॉक्सचा एक लपलेला बोल्ट राहिलेला असतो.

चढवण्याआधी आणि चढवताना

इंजिन स्टँडवर उभं आहे, चारही बाजूंनी हात पोहोचतोय, तोवर सगळं स्वस्त आहे. क्रँकचं पुढचं आणि मागचं सील, कॅमचं सील, टॅपेट कव्हरचं पॅकिंग, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर हे सगळं आत्ताच बदला. चेन असेल तर टेन्शनर आणि गाइड तपासा. चेंबरला सिलिकॉन लावताना पातळ, अखंड रेघ पुरते. जास्त लावलं की आतल्या बाजूला पिळून निघालेले तुकडे पिकअपच्या जाळीत जाऊन बसतात.

टायमिंग जुळवल्यावर हाताने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवून खुणा पुन्हा बघा. कुठे अडलं तर पाना थांबवा, व्हॉल्व्ह पिस्टनला लागतोय.

फ्लायव्हीलचा पृष्ठभाग लेथवर सरळ करून घ्या किंवा नवं लावा. पुष्कळ गाड्यांत फ्लायव्हीलचे बोल्ट ताणून घट्ट करण्याचे असतात, ते एकदाच वापरायचे. क्लच प्लेट मधोमध आणायला स्वस्त प्लास्टिकचं साधन मिळतं, ते वापरा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जोडताना एक नियम कधी मोडू नका: बेल हाउसिंग (गिअरबॉक्सची क्लच झाकणारी बाजू) हाताने पूर्ण टेकली पाहिजे. काही मिलिमीटरची फट राहिली आणि ती बोल्ट आवळून बंद करायचा मोह झाला तर थांबा. क्लच मध्यावर नसेल, नेम धरणाऱ्या पोकळ पिना राहिल्या असतील किंवा मध्ये वायर अडकली असेल. ऑटोमॅटिक गाडीत टॉर्क कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या आत पूर्ण बसायला हवा. हाताने फिरवत ढकलला की तो दोन-तीन टप्प्यांत 'खट्' करत आत जातो. शेवटचा टप्पा राहिला आणि बोल्ट आवळले, तर गिअरबॉक्सचा पंप पहिल्याच स्टार्टला फुटतो.

वायरिंग आणि ईसीयू

बहुतेक अदलाबदली इथेच अडकून पडतात. दोन पर्याय असतात. एक, जुनी वायरिंग आणि जुना ईसीयू ठेवून नव्या इंजिनावर जुन्याचे सेन्सर चढवणं आणि ईसीयूचं मॅपिंग बदलणं. दोन, डोनर गाडीचा (जिच्यातून इंजिन आलं तिचा) ईसीयू, वायरिंग, इमोबिलायझर (चोरी रोखणारी यंत्रणा) आणि किल्ली संचाने आणणं. एकाच कुळातल्या इंजिनांसाठी मला पहिला पर्याय आवडतो, कारण स्पीडोमीटर, एसी, पंखा सगळं आपल्या जागी चालू राहतं.

त्यासाठी क्रँक आणि कॅमच्या सेन्सरची दातेरी चकती तपासा. काही इंजिनांत ३६ दातांपैकी १ गाळलेला असतो, काहींत ६० पैकी २. ईसीयूला ओळखीचा नमुना दिसला नाही तर स्पार्क येणारच नाही. चकती वेगळी असेल तर जुन्या इंजिनाची हलवा.

मॅपिंग टाळू नका. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर चुका सांभाळून घेतो, म्हणून गाडी ठीक वाटते. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र ईसीयू सेन्सरकडे न बघता जुन्या कोष्टकाप्रमाणे इंधन देतो, आणि मोठ्या इंजिनाला ते कमी पडू शकतं. त्याचं फळ पिस्टनच्या माथ्यावरचे तेच खड्डे. इंजेक्टर पुरतील का याचा ढोबळ हिशोब असा: दर अश्वशक्तीला मिनिटाला साधारण ५.२५ सीसी पेट्रोल धरा, सिलिंडरांच्या संख्येने भागा, आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा राहू नये म्हणून ०.८ ने भागा. १८० अश्वशक्तीच्या चार सिलिंडरांसाठी उत्तर येतं सुमारे २९५ सीसीचा एकेक इंजेक्टर. मॅपिंग करणाऱ्याने वाइडबँड सेन्सर (हवा-इंधनाचं प्रमाण नेमकं मोजणारा) लावलाच पाहिजे. टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनात पूर्ण ताकदीला हवा-इंधनाचं प्रमाण १२.५ ते १३ च्या दरम्यान असणं सुरक्षित.

अर्थिंगच्या तारा मोजून परत लावा. इंजिन ते बॉडीची एक तार राहिली की दिवे मंदावतात, सेन्सर वेडेवाकडे आकडे देतात, आणि माणूस चार दिवस ईसीयूला दोष देत बसतो.

पहिला स्टार्ट

इंजेक्टर आणि कॉइलचे प्लग काढून ठेवा, शक्यतो स्पार्क प्लगही. स्टार्टर दहा-पंधरा सेकंद मारा, थांबा, स्टार्टर थंड होऊ द्या, पुन्हा मारा. ऑइलचा दिवा विझेपर्यंत किंवा गेज हलेपर्यंत हेच. बेअरिंगांपर्यंत ऑइल पोहोचल्याशिवाय आग पेटवायची नाही.

मग सगळं जोडा. किल्ली फिरवून पंप चालू द्या आणि इंधनाच्या प्रत्येक जोडावर बोट फिरवून ओल आहे का बघा. अग्निशामक हाताशी ठेवा. एक जण आत, एक जण बाहेर. स्टार्ट झाल्यावर काही सेकंदांत ऑइलचा दिवा विझला नाही तर तत्काळ बंद करा. आरपीएम वाढवून आवाज ऐकण्याची ही वेळ नाही. हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं तोंड उंच करा आणि कूलंटमधली हवा निघू द्या. थर्मोस्टॅट उघडला की खालचा होस गरम होतो आणि हीटरमधून गरम हवा येते. तापमानाचा काटा वर आणि हीटर थंड, म्हणजे हवा अडकली आहे. पंखा आपोआप सुरू होईपर्यंत गाडीपासून हलू नका.

इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइलचा दाब गेज लावून बघा. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय ही जुनी फुटपट्टी अजून कामाची आहे. गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. बंद करा, पूर्ण गार होऊ द्या, कूलंट पुन्हा भरा, गळती बघा. हे दोनदा करा.

पहिले काही दिवस

सेकंडहँड इंजिनाला वेगळं 'ब्रेक-इन' लागत नाही. नव्या रिंगा टाकलेल्या असतील तर सुरुवातीला आरपीएम आणि भार सतत बदलता ठेवा, एकाच वेगात लांब पल्ला नको. नवीन क्लचला मात्र काही दिवस हळुवार वागवा.

गाडी आता लवकर वेग घेते, म्हणून ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि टायर याच आठवड्यात बघा. कूलिंगची क्षमता चढावर, गर्दीत, एसी लावून तपासा. ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूमधले आकडे वाचणारं यंत्र) फ्यूएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधन किती कमी-जास्त करतोय तो आकडा, दहा टक्क्यांच्या आत-बाहेर कुठे आहे ते रोज टिपा. सतत अधिकच्या बाजूला असेल तर कुठेतरी हवा घुसतेय किंवा इंधन कमी पडतंय. माउंटिंगचे, ड्राइव्हशाफ्टचे आणि सायलेन्सरचे बोल्ट आठवड्याने पुन्हा टॉर्क पान्याने तपासा, पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत ते थोडे सैल होतात.

पाचशे किलोमीटर झाले की ऑइल बदला. ते अजून नवं दिसेल, तरी बदला. आणि जुन्या इंजिनाचा फिल्टर कापला होता तसाच हाही कापा, कागद उलगडा, उजेडात धरा, चुंबक फिरवा. दोन-चार बारीक कण चालतील. तांबूस चकाकी दिसली तर गाडी त्याच जागी उभी करा आणि चेंबर उतरवा. कागद स्वच्छ निघाला, तर नवा फिल्टर लावा, ऑइल भरा, आणि पुढच्या रविवारी लांबच्या रस्त्याला गाडी घेऊन जा.